अठ्ठावीस फटके माफ

मुंबई-पुण्यातल्या हौशी गोल्फ मंडळींची परदेशवारी आता नित्याचीच झाली आहे. थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका, नाहीतर मॉरिशस. चार-पाच दिवस, दोन संघ, दोन रंगांचे टी-शर्ट, रायडर कपच्या धर्तीवर आपापसांत मैत्रीपूर्ण लढत आणि शेवटच्या रात्री बक्षीस समारंभ. या सहलींची टिंगल करणे सोपे आहे. ती अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात बसून करणे तर आणखीच सोपे. पण तसे केले तर अन्याय होईल, कारण सामाजिक न्यायाची इतकी सढळ, इतकी काटेकोर आणि इतकी बिनतक्रार चालणारी व्यवस्था महाराष्ट्राला दुसरीकडे कुठे सापडेलसे वाटत नाही. ‘सवलतींनी देशाचे वाटोळे केले, सगळ्यांना एकच माप लावा’ हे मत क्लबाच्या व्हरांड्यात कितीही मोठ्याने मांडले जात असो, पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहताच ते मत बॅगेच्या तळाशी जाते आणि प्रत्येकजण आपल्या वाट्याची सवलत खिशातल्या कार्डावर पुन्हा एकदा तपासून घेतो. ही व्यवस्था परत येताना विमानतळावर सोडून येऊ नये, घरी आणावी, एवढेच आमचे मागणे आहे.

गोल्फशी संबंध न आलेल्यांसाठी थोडा खुलासा हवा. अठरा होलच्या मैदानाचा पार साधारण ७२ असतो. म्हणजे तरबेज खेळाडूने ७२ फटक्यांत चेंडू अठराही भोकांत घालावा, ही अपेक्षा. क्लबातल्या एखाद्या सुखवस्तू गृहस्थाला त्याच कामाला शंभर फटके लागतात. ऐंशीत संपवणाऱ्याशी तो सरळ खेळला तर हरणार हे ठरलेले, आणि हरण्यासाठी कोणी इतके महाग तिकीट काढत नाही. म्हणून हँडिकॅप. २०२० पासून जगभर त्याची एकच पद्धत आहे : शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठ निवडायच्या, मैदानाच्या अवघडपणाचा हिशेब धरून त्यांची सरासरी काढायची, आणि त्यातून खेळाडूचा निर्देशांक ठरवायचा. वरची मर्यादा ५४. एवढी उदारता कोणत्याही सरकारने अजून दाखवलेली नाही. त्यातही मौज अशी की मैदान कठीण असेल तर सवलत वाढते. मैदानाच्या अवघडपणाला एक आकडा दिलेला असतो, प्रमाण ११३. आपल्या गृहस्थांचा निर्देशांक २४ आणि परदेशातल्या मैदानाचा आकडा १३० असेल, तर २४ गुणिले १३० भागिले ११३, म्हणजे बाकी सगळे जुळते धरून अठ्ठावीस फटके माफ. शंभर वजा अठ्ठावीस, बहात्तर. समोरच्याचे ऐंशी, त्याला सात माफ, त्र्याहत्तर. शंभरवाला जिंकला! ऐंशीवाला उठून टाळ्या वाजवतो. गुणवत्तेचा खून झाला म्हणून संपादकांना पत्र लिहीत नाही.

हे झाले अज्ञानाचे. नियमांनी दुर्दैवाचाही विचार केला आहे. एखाद्या होलवर चेंडू तीनदा तळ्यात गेला आणि अकरा फटके झाले, तरी निर्देशांकासाठी ते अकराच्या अकरा धरत नाहीत. पार, त्यावर दोन, त्यावर त्या होलपुरती तुमची सवलत, आणि तिथे रेघ. त्या दिवशी वारा फार होता, सगळ्यांचेच आकडे बिघडले, तर दिवसाच्या निकालावरून हवामानाचा वेगळा हिशेब करून दुरुस्ती देतात. सहलीला आलेल्यांची लाडकी स्टेबलफर्ड पद्धत तर याहून दयाळू. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांच्या या पद्धतीने पहिली स्पर्धा १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात झाली. तिच्यात चांगल्या होलला गुण मिळतात आणि वाईटाला शून्य; शून्याखाली कोणी जात नाही. बुडालेल्याला आणखी बुडवायचे नाही, असा हा धर्म आहे.

आता अर्नाळ्याकडे वळू. मासळी किनाऱ्यापासून लांब गेली, हे इथला कुठलाही तांडेल सांगेल. म्हणजे मैदान अवघड झाले, ११३ चे १३० झाले. सूत्राप्रमाणे सवलत आपोआप वाढायला हवी. प्रत्यक्षात बोटीच्या डिझेलचा कोटा मंजूर होतो कागदावर, डिझेल भरायचे पूर्ण पैसे मोजून, पावत्या जमा करायच्या मच्छीमार सोसायटीत, आणि मूल्यवर्धित कराचा परतावा यायचा तेव्हा येणार. तो थकल्याच्या बातम्या इतक्या वेळा छापून येतात की मथळा तोच ठेवून तारीख बदलली तरी चालेल. गोल्फवाल्याचे अठ्ठावीस फटके मात्र त्याच संध्याकाळी, जेवणाआधी वजा होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ते एकसष्ट दिवस निर्देशांकात कुठे धरायचे, हे कोणी सांगत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्यासमोरून गेले. त्या दिवशीच्या वाऱ्याची दुरुस्ती पंचनाम्यातून मिळवायची, आणि पंचनाम्याला रेघ कुठे मारायची ते मारणारा ठरवणार. तरीही डिझेलच्या परताव्याला ‘फुकटेगिरी’ म्हणतात आणि अठ्ठावीस फटक्यांना ‘खेळाची शान’.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो वजनदार आहे, की हँडिकॅप माणसाच्या खेळावरून ठरतो, आरक्षणासारखा जन्मावरून नव्हे. बरोबर. पण गोल्फमध्येही सगळेच कार्ड पाहून ठरत नाही. ज्येष्ठांसाठी आणि लहान मुलांसाठी टी पुढे आणलेल्या असतात, आणि मैदानाचे मानांकन पुरुषांसाठी वेगळे, स्त्रियांसाठी वेगळे. गट पाहून सवलत देण्यात तिथे कोणाला घटनाबाह्य काही दिसत नाही. शिवाय जन्माचा विषय क्लबवाल्यांनी काढूच नये. दिल्ली जिमखान्याच्या सभासदत्वाची लांबलचक रांग आणि त्या रांगेत सभासदांच्या मुलाबाळांना मिळणारे झुकते माप यांचा वाद केंद्र सरकारने २०२० मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे नेला होता. आईबापांच्या पुण्याईवर मैदानात शिरायचे आणि आत गेल्यावर जन्माधारित सवलतींवर व्याख्यान द्यायचे, हा फटका साधायला मोठे कसब लागते. त्याला पार किती, कोण जाणे.

दुसरा आक्षेप : सवलत मिळाली की माणूस आळशी होतो, आणि लबाडही. लबाडी होते हे खरे आहे. सहलीच्या आधी महिनाभर मुद्दाम वाईट खेळून निर्देशांक फुगवून आणणारे महाभाग प्रत्येक क्लबात असतात. खोट्या दाखल्याचा हा गवताळ अवतार. पण त्यांच्यामुळे हँडिकॅपच रद्द करा, असे आजवर एकाही क्लबाने म्हटलेले नाही. समिती नेमली, कार्डावर दुसऱ्याची सही सक्तीची केली, आणि नेहमीपेक्षा फारच चांगला आकडा आला तर निर्देशांक लगेच खाली ओढायचा नियम केला. आळसाचे म्हणाल, तर खेळ सुधारला की सवलत आपोआप घटते. संधी मिळाली की माणूस सुधारतो, याचा दाखला मुंबईच्याच पहिल्या हौशी परदेश दौऱ्यात आहे. पारशी क्रिकेटपटू १८८६ मध्ये इंग्लंडला गेले : २८ सामने, १९ पराभव, विजय एक. दोन वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा ३१ पैकी आठ जिंकले. पहिला दौरा पाहून ‘यांच्यात गुणवत्ताच नाही’ असा निकाल दिला असता, तर दुसरा झालाच नसता. आणि त्या काळचे इंग्रज तरी सरळ कुठे खेळत होते? १८६१-६२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांच्या अकरांसमोर स्थानिक संघ अठरा, कधी बावीस जणांचे असत. ही गोष्ट अर्नाळ्याच्या वाळूत खेळणाऱ्या पोरांना शिकवावी लागत नाही. लहानग्या भावाला ते लिंबूटिंबू म्हणून घेतातच, पहिल्या चेंडूवर त्याला बाद देत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत रुबाबदार : खऱ्या, व्यावसायिक गोल्फमध्ये हँडिकॅप नसतोच. नसतो. तिथे काय झाले तेही पाहा. १९९१ ची इंडियन ओपन जिंकली अली शेरने, ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. तो दिल्ली गोल्फ क्लबाच्या कॅडींमधून वर आला होता. २०१६ आणि २०१७ ची लागोपाठ जिंकली एस. एस. पी. चौरासियाने, त्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात मैदानाची निगा राखत. बॅगा उचलणाऱ्यांना आणि गवत कापणाऱ्यांना मैदानात शिरू दिले, तेव्हा त्यांनी एकही फटका माफ करून मागितला नाही. ‘सवलती नकोत’ हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभले असते. ते ऐकू येते अठ्ठावीस फटक्यांच्या टेबलावरून.

तेव्हा सूचना अशी. पुढच्या सहलीला निघण्याआधी एखाद्या क्लबाच्या हँडिकॅप समितीने दोन दिवस अर्नाळ्याला यावे. हिशेबात ही मंडळी पक्की असतात, त्याविषयी शंका नाही. बंदरापासून मासळीपर्यंतचे अंतर मोजून समुद्राला अवघडपणाचा आकडा द्यावा, वीस फेऱ्यांतल्या आठ चांगल्या निवडून बोटीचा निर्देशांक काढावा, वाऱ्याची दुरुस्ती धरावी, बंदीचे एकसष्ट दिवस त्यात घालावेत आणि सूत्र मत्स्यव्यवसाय खात्याला कळवावे. कार्डावर मार्करची, म्हणजे फटके मोजणाऱ्या दुसऱ्याची, सही लागते, ती सोसायटीचा सचिव करील. वजाबाकी मात्र गोल्फच्या नियमानेच व्हावी : त्याच संध्याकाळी, जेवणाआधी.