ओढ्याला भिंतीत चिणणाऱ्या साहेबांस

मा. साहेब,

सप्रेम नाही, नुसता नमस्कार. प्रेम वाटावं असं काही तुम्ही आमच्या ओढ्यांसाठी केलेलं नाही, तेव्हा मायन्यात खोटं लिहीत नाही. तुमचं नाव घेण्याचीही गरज नाही. बदल्या होतात, खुर्चीवरचा माणूस बदलतो, सही बदलते. दोन्ही काठांना आर.सी.सी. भिंत, तळाला काँक्रीट आणि जमलं तर वरून स्लॅब, हे एस्टिमेट मात्र बदलत नाही. महाराष्ट्रातल्या ज्या ज्या शहरात ते मंजूर झालं, तिथल्या त्या सहीला हे पत्र आहे.

पुण्याच्या आंबिल ओढ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरांवर पाऊस कोसळला, कात्रजचं तळं भरून वाहू लागलं आणि ओढा पात्र सोडून सोसायट्यांमध्ये शिरला. पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या, सीमाभिंती आडव्या झाल्या. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली. त्या रात्री पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक जीव गेले. आणि पाणी ओसरल्यावर तुम्ही त्यातून काय शिकलात? जिथे भिंत पडली तिथे पुन्हा भिंत, आधीपेक्षा उंच आणि जाड. काठावरच्या सोसायट्यांनीही भिंतच मागितली, हे खरं आहे. पण घाबरलेल्या माणसाला भिंत सुचणारच. तुम्ही जलशास्त्र शिकलेले आहात; तुम्हाला तरी दुसरं काही सुचायला हवं होतं.

भिंत काय करते हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण हे पत्र इतरही वाचतील. ओढा वळणं घेत जातो, काठावर पसरतो, गवतात आणि दगडात अडतो, जमिनीत मुरतो. त्यामुळे डोंगरावर पडलेलं पाणी शहरात एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतं. तुम्ही वळण काढून टाकता, पात्र सरळ करता, काठ गुळगुळीत करता. पाण्याला वेग येतो. वरच्या वस्तीतलं पाणी पटकन गेलं म्हणून तुमचं काम यशस्वी ठरतं, आणि तेच पाणी खालच्या वस्तीत दुप्पट जोराने आदळतं. पुढे एखाद्या जुन्या कलव्हर्टच्या तोंडाशी प्लास्टिक, गाद्या आणि झाडांच्या फांद्या अडकल्या की सगळा लोंढा मागे फिरतो. भिंतीची आणखी एक करामत म्हणजे रस्त्यावर पडलेल्या पावसालाही ती ओढ्यात उतरू देत नाही. आत ओढा रिकामा आणि बाहेर रस्त्यावर गुडघाभर पाणी, हे दृश्य कितीतरी शहरांनी पाहिलेलं आहे. स्लॅब टाकला तर गोष्टच संपली. खालचा गाळ दिसत नाही, दिसत नाही म्हणून निघत नाही, आणि नालेसफाईचं बिल मात्र दर वर्षी निघतं.

एकदा पावसाळा संपल्यावर ओढ्यात उतरून बघा. भिंतीतून बाहेर आलेल्या सळयांना पिशव्या, चिंध्या, पूजेचं निर्माल्य, एखादी लहान मुलाची चप्पल अडकलेली असते. ती किती उंचीवर आहे ते मोजा. ओढ्याने आपली पूररेषा तिथे स्वतः आखून ठेवलेली असते, आणि ती तुमच्या नकाशातल्या निळ्या रेषेशी जुळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाण्याला वर्षातले काही दिवस मोठी जागा लागते, आणि उरलेले सगळे दिवस ती जागा माणसांची असू शकते. मुलांना खेळायला मैदान, म्हाताऱ्यांना बसायला पायऱ्या, बायकांना संध्याकाळी निर्धास्तपणे चालायला वाट. शहरात मोकळी जागा नाही अशी तक्रार तुम्हीच करता आणि मोकळ्या जागेची सगळ्यात लांब पट्टी भिंतीआड घालून टाकता.

हा विचार परदेशातून आणावा लागत नाही. वाईला जा. कृष्णेचे घाट पाहा. पावसाळ्यात नदी पायरी पायरी चढत येते, घाट पाण्याखाली जातात, नदी उतरली की गाळ धुतला जातो आणि पुन्हा तिथेच धुणी पडतात, मुलं उड्या मारतात, कृष्णाबाईचा उत्सव बसतो. सरदार रास्त्यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाला मागून वळसा घाला. मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती आहे, पुराचा लोंढा तिच्यावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. नदी येणार हे गृहीत धरून ते देऊळ बांधलंय. तुम्हीही भिंतच बांधता, पण ती बांधताना नदी येणारच नाही असं धरून चालता.

पुण्यातही ही समज होती. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तळी बांधून तिथलं पाणी बंदिस्त नळातून, नुसत्या उतारावर, शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत हवा निघून जावी आणि नळ साफ करता यावा म्हणून उच्छ्वास उभारले. त्यांतले काही आजही उभे आहेत. ते पाणी वाड्यापुरतं ठेवलं नाही, पेठांमध्ये हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेचा हौद. हौदावर पाणी भरायचं आणि चार माणसांत उभंही राहायचं, दोन्ही तिथेच. आणि ज्या आंबिल ओढ्याचं आज तुम्ही गटार केलंय, त्याच ओढ्यावर बांध घालून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, मधल्या बेटावर बाग केली, गणपती बसवला. पेशवे तिथे होडीतून फिरत असं सांगतात. सारसबागेतल्या गणपतीला आजही पुणेकर तळ्यातला गणपती म्हणतात, तळं बुजून पिढ्या गेल्या तरी. ओढ्याला हातच लावू नका असं मी म्हणत नाही, हे यावरून लक्षात यावं. नानासाहेबांनी ओढा वळवलाच होता. पण वळवताना त्याला थांबायला तळं दिलं.

आता तुमचं ठरलेलं उत्तर येईल: पेशव्यांचा काळ वेगळा, तेव्हा लोकसंख्या किती होती. मान्य. मग सिंगापूरकडे बघू. तिथे माणसांची दाटी आपल्यापेक्षा कमी नाही आणि पाऊस बारा महिने आहे. तिथल्या कलांग नदीचा बिशान भागातला 2.7 किलोमीटरचा तुकडा तुमच्याच पद्धतीने काँक्रीटच्या कालव्यात घातलेला होता. शेजारी बाग, मध्ये कुंपण. बागेतल्या माणसाला नदी दिसायची नाही. 2006 मध्ये तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने शहरातले कालवे आणि जलाशय लोकांसाठी खुले करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि 2012 पर्यंत हा कालवा फोडून बागेतून वाहणारी वळणावळणाची नदी केली. आता तिची लांबी तीन किलोमीटरच्या वर आहे, कारण वळणं परत मिळाली. एरवी पाणी थोडं, मुलं दगडांवरून पलीकडे जातात, गुडघ्याएवढ्या पाण्यात मासे बघतात. मोठा पाऊस आला की तीच नदी दोन्ही काठांच्या हिरवळीवर पसरते. कालवा होता तेव्हा जेमतेम वीसेक मीटर रुंदी मिळायची, आता भर पुरात ती शंभर मीटरच्या आसपास जाते. काठ काँक्रीटचे नाहीत. दगड, काथ्याच्या चटया आणि मुळं धरणारी झाडं यांच्या मिश्रणाने काठ धरून ठेवलेत, आणि ती पद्धत आधी एका छोट्या पट्ट्यात लावून, तिथली माती आणि पाऊस बघून, मगच सगळीकडे वापरली. फोडलेल्या कालव्याचं काँक्रीट ट्रक भरून बाहेर नेण्याऐवजी बागेतच त्याची टेकडी केली, आता लोक तिच्यावर चढतात. आपल्याकडे राडारोड्याचं काय होतं? तो रात्री गुपचूप ओढ्यातच येऊन पडतो.

माणसं वाहून गेली तर जबाबदारी कोणाची, हा तुमचा पुढचा प्रश्न. बिशानला पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आहेत, भोंगे आहेत, सूचना आहेत, काठावर जीवरक्षक कडी आहेत. आणि काठ उतरता आहे, म्हणून पाणी वाढताना दिसतं आणि माणूस सहज वर येतो. तुमच्या उभ्या भिंतीच्या पात्रात कोणी पडलं तर बाहेर यायला शिडीसुद्धा नसते. धोका कुठे जास्त आहे, सांगा.

नदी सोडा, नुसता चौक घ्या. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला बेंथेमप्लेन नावाचा चौक 2013 मध्ये नव्याने केला. तिथे तीन खोलगट जागा आहेत. दोन उथळ, त्यांत साधा पाऊसही उतरतो. तिसरी खोल, सभोवती पायऱ्या. कोरड्या दिवसांत तिथे पोरं चेंडू खेळतात आणि बघे पायऱ्यांवर बसतात, पाऊस बराच वेळ पडत राहिला की तीच जागा टाकी होते. तिन्हींत मिळून सुमारे 17 लाख लिटर पाणी थांबतं, तेवढा वेळ शहराच्या गटारांना श्वास घ्यायला मिळतो. आखणी करताना जवळच्या शाळा-कॉलेजातल्या मुलांना विचारलं होतं. बँकॉकला चुलालोंगकॉर्न विद्यापीठाच्या शताब्दी उद्यानात 2017 मध्ये 11 एकरांचं मैदानच एका बाजूला तीन अंशांनी कलतं केलं, म्हणजे पाणी आपोआप खालच्या तळ्यात जमतं. आणि मुंबईत हिंदमाता चौकात दर पावसाळ्यात पाणी तुंबतं त्यावर उपाय म्हणून परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कलापार्काखाली पाणी साठवायच्या टाक्या केल्या. मलबार हिलचं हँगिंग गार्डन तर इंग्रजांच्या काळापासून जलाशयाच्या छतावर आहे. म्हणजे वर मैदान आणि खाली पाणी आपल्याला जमतं. फक्त आपण पाणी पंपाच्या आणि लाद्यांच्या खाली लपवतो, लोकांना दिसू देत नाही. जे दिसत नाही त्याची काळजी कोणी घेत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. आपल्या ओढ्यात पाणी कमी आणि सांडपाणी जास्त आहे. त्याच्या काठावर कोण बसणार, कोणाची पोरं उतरणार? कोणीही नाही, आणि उतरवूही नये. म्हणून आधी मैला वेगळ्या वाहिनीने शुद्धीकरण केंद्राकडे न्यायला हवा, पावसाची गटारं आणि ड्रेनेज तोडून वेगळी करायला हवीत. हे काम कंटाळवाणं आहे, जमिनीखालचं आहे, त्याच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही. त्यामुळेच ते मागे राहतं आणि त्याआधी काठावर जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम आणि रंगीत दिवे येतात. नाक दाबून कोणी पळत नाही, ट्रॅक ओस पडतो, गेटला कुलूप लागतं. मग नागरिकांना सुविधांची किंमत नाही, असं तुम्ही वर्तमानपत्रात सांगता.

दुसरा आक्षेप जागेचा. ओढ्याला जागा द्यायची तर कोणाला तरी उठावं लागेल, आणि उठवायची पाळी आली की तुमचं बोट पहिल्यांदा काठावरच्या पत्र्याच्या घराकडे जातं. तिथल्या माणसांनी ओढा अरुंद केला असेल, पण वरच्या अंगाला भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या नकाशांवर सही कोणाची आहे? वस्तीतल्या माणसाला त्याच वॉर्डात पक्कं घर मिळाल्याशिवाय काढलेली बाग मला नको, आणि ती पाणीही अडवू शकणार नाही, कारण वरच्या भरावाने झालेला अरुंद गळा तसाच राहील.

नदीकाठाचंही तेच. पुण्यात मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठावर मोठा प्रकल्प सुरू आहे. काठावर झाडं, बाक आणि फरशी आली म्हणजे ती पाण्याची जागा झाली असं होत नाही. पात्रात भराव टाकून मिळवलेली बाग ही पाण्याकडून हिसकावलेली जागा आहे. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी घरांत शिरलं, तेव्हा नदीने आपली जागा कुठवर आहे ते पुन्हा सांगितलं.

साहेब, मी तुम्हाला अख्खं शहर बदलायला सांगत नाही. येत्या अंदाजपत्रकात भिंतीची जी पुढची निविदा निघणार आहे, ती थांबवा. त्या ओढ्यावरचा एकच तुकडा घ्या, शक्यतो महापालिकेच्या मोकळ्या ॲमेनिटी जागेला लागून असलेला. आधी त्यात येणारा मैला वेगळा करा. मग भिंत फोडा, काठ उतरता करा, पायऱ्या द्या, पाणी वाढलं की वाजणारा भोंगा लावा, शेजारच्या शाळेतल्या मुलांना आणि वस्तीतल्या बायकांना बोलावून नकाशा दाखवा. आणि गेट लावू नका. दोन पावसाळे पाणी कुठवर येतं ते सगळ्यांसमोर मोजा आणि आकडे वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लिहा. त्यानंतरही भिंतच बरी असं आकडे सांगत असतील, तर पुढच्या भिंतीला मी विरोध करणार नाही.

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती: तुमच्या भागातल्या ओढ्याच्या कामाचं एस्टिमेट माहितीच्या अधिकारात मागवा. त्यात भिंतीची लांबी आणि उंची नक्की असेल. पाण्याला पसरायला किती चौरस मीटर जागा ठेवली आहे, तो रकाना शोधा. नसेल तर काम सुरू होण्याआधी लेखी हरकत नोंदवा.

आपला,
ओढ्याकाठचा एक रहिवासी