बोडक्या वेली, पळीभर तीर्थ

नवरात्रात घोट घेता येत नाही, म्हणून आमच्या सोसायटीने दसरा उरकताच वाइन टेस्टिंगसाठी नाशिक गाठलं. समोर त्र्यंबकचे डोंगर, खाली गंगापूर धरणाचं पाणी, आणि बसमधून उतरताच पहिला प्रश्न: ‘द्राक्षं कुठायत?’ नव्हतीच. नाशकात ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणीचे दिवस. वाइनचे घड उतरतात जानेवारी ते मार्चमध्ये. एका वहिनींनी बोडक्या काड्यांसोबतच सेल्फी काढून खाली ‘हार्वेस्ट वाइब्ज’ लिहिलं.

टेस्टिंगला ग्लासच्या तळाशी पळीभर तीर्थ मिळालं. आधी तिरपं धरा, मग गरगरवा, मग हुंगा. ‘पेरू, ओलं गवत जाणवतंय?’ वाइन वाढणाऱ्या मुलाने विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना म्हणाले, ‘मला द्राक्षं जाणवतायत.’ त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. टेबलावर चकचकीत पिकदाणीही होती. चाखून थुंकायचं असतं म्हणे. पण आगाऊ पैसे भरून थुंकणारा मराठी माणूस अजून जन्मायचाय.

चीज आलं लाकडी फळीवर. ‘गौडा’ ऐकून काकूंना ते कर्नाटकातलं वाटलं. निळ्या बुरशीचा तुकडा त्यांनी गुपचूप बाजूला सारला. घरी भाकरीला अशी बुरशी आली तर फेकतात, इथे तिचे वेगळे पैसे!

२०२२ साली सुपरमार्केटातल्या वाइनवरून वाद झाला, तेव्हा वाइन ही दारू नव्हेच, असं पुढाऱ्यांनी आपल्याला समजावलं होतं. परतताना नाना तेच बायकोला कसारा घाटापर्यंत समजावत होते. घाट उतरायच्या आत घोरू लागले.