समाजसेवकाला मत देऊ नका

नगरपरिषदेची निवडणूक आली की प्रत्येक गावात एखादा वेडा माणूस अर्ज भरतोच. जन्म त्याच गल्लीत गेलेला. रात्री दोन वाजता सिव्हिलमध्ये रक्ताची पिशवी लागली तर त्याला उठवायचं, मयत झाली तर तिरडीच्या सामानाला त्याला पाठवायचं, कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेल्यांच्या पाण्या-फराळाची व्यवस्थाही त्यानेच बघायची. अशा माणसाला आपण मत देत नाही याबद्दल विचारवंत हळहळतात. या सदराचं मत उलट आहे. मतदार अगदी बरोबर वागतो. जे काम फुकटात होतंय, त्यासाठी मत खर्च करायचं कशाला? दूध देणाऱ्या म्हशीला कोणी वरातीत नाचवत नाही.

पुरावा हवा असेल तर धाराशिव जिल्हा पाहा. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम, परंडा या आठ नगरपरिषदांसाठी 27 नोव्हेंबर 2016 ला मतदान झालं. त्या सभागृहांची मुदत 2021 च्या अखेरीस संपली. पुढे ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांची प्रकरणं कोर्टात अडकली. चार महिन्यांत निवडणुका घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये बजावलं, तरी मतदानाला डिसेंबर उजाडला. म्हणजे जवळपास चार वर्षं आठही गावांत एकही नगरसेवक नव्हता. काय बिघडलं? सह्या प्रशासक करत होते, नळाला पाणी पूर्वीसारखंच लहरीप्रमाणे येत होतं, भावी नगरसेवकांचे वाढदिवस चौकाचौकात फ्लेक्सवर साजरे होत होते. तुंबलेल्या गटारीचा अर्ज घेऊन पालिकेच्या पायऱ्या झिजवत होता तो आपला फुकटा माणूस. नगरसेवकाविना गाव चार वर्षं चाललं. या माणसाविना चार दिवस चालवून दाखवा. मग त्याला सभागृहात कोंडून, गटनेत्याच्या व्हिपला बांधून, टेंडरांच्या फायलींखाली गाडून गावाचा कोणता फायदा?

यावर कायद्याचे जाणकार म्हणतील, जाणत्या माणसांना पालिकेत आणायची तरतूद आहे. आहे ना! 74 व्या घटनादुरुस्तीने पालिका प्रशासनाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांना नामनिर्देशित करण्याची मुभा दिली. आपल्याकडे त्यांना स्वीकृत सदस्य म्हणतात. त्यांना मताचा अधिकार नाही, म्हणजे बसायला खुर्ची आणि बोलायला तोंड एवढंच. पण पक्षांनी या तरतुदीचा फारच करुणेने अर्थ लावला आहे. जो नुकताच पडला, किंवा ज्याचं तिकीट ऐनवेळी कापलं, त्याच्याइतका पालिकेचा विशेष अनुभव दुसऱ्या कुणाला असणार?

दुसरा आक्षेप पैशाचा. गरीब कार्यकर्त्याला संधी मिळावी म्हणूनच तर निवडणूक आयोगाने खर्चावर मर्यादा घातली आहे: 2025 च्या दरपत्रकानुसार सदस्यपदाला ‘अ’ वर्गाच्या नगरपरिषदेत 5 लाख, ‘ब’ वर्गात साडेतीन, ‘क’ वर्गात अडीच. हिशेबाच्या वहीत सगळेच उमेदवार या मर्यादेत बसतात, वहीबाहेरही बसतो तो आपला समाजसेवक. आणि तिथेच त्याचा घात होतो. आदल्या रात्री ज्याच्याकडून काहीच आलं नाही, तो निवडून आल्यावर काय देणार, ही शंका मतदाराला येणं अगदी तर्कशुद्ध आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, कारण तो थेट व्यासपीठावरून येतो: वरती ज्यांचं सरकार, त्यांचाच माणूस खाली नसेल तर निधी येणार नाही. हे इतक्या उघडपणे सांगितलं जातं की ती धमकी आहे असं आता कुणाला वाटतही नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी रस्ते, पाणी, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा असे तब्बल 18 विषय लिहिलेले आहेत. तिजोरीची किल्ली मात्र मुंबईतच राहिली. तेव्हा अपक्ष समाजसेवक निवडून आला तर त्याला एक तर निधीसाठी पक्षात जावं लागेल, नाही तर निधीविना बसावं लागेल. पहिल्या प्रकारात आपण समाजसेवक गमावतो आणि दुसऱ्यात रस्ता.

राहिला प्रश्न महिलांसाठी राखीव असलेल्या निम्म्या जागांचा. सोडतीत प्रभागातली त्याची जागा महिलांसाठी निघाली की वीस वर्षं खपलेला गडी आपोआप बाद, आणि खरं तर इथे पेच पडायला हवा. कारण प्रभागातलं प्रत्येक घर ठाऊक असलेली आशाताई किंवा बचत गटाची अध्यक्ष तिथे आयती हजर असते. पण पक्ष असल्या पेचात सापडत नाहीत. ते माजी नगरसेवकाच्या सौभाग्यवतींचं नाव जाहीर करतात, फ्लेक्सवर साहेबांचा फोटो मोठा आणि ताईंचा कोपऱ्यात लावतात, आणि बचत गटाच्या अध्यक्षांना सभेसाठी पन्नास बायका जमवायला सांगतात. त्याही जमवतात, अर्थात फुकट.