कॅमेरा समोर, धडक बाजूने

अजिंठ्याच्या रस्त्याने गाडी नेणाऱ्यांनो, काचेला चिकटवलेला तुमचा कॅमेरा नेमकं काय बघतो ते एकदा तपासा. बॉनेट दिसतं, पुढचा ट्रक दिसतो. तुमचं दार त्याला दिसतच नाही. आणि चौका घाट ओलांडल्यापासून फुलंब्री, आळंद, थेट सिल्लोडपर्यंत धोका येतो तो दाराच्याच बाजूने. फाट्यावरून न थांबता वर चढणारी मोटारसायकल घ्या, नाहीतर अंधारात शेतरस्त्यातून तोंड काढणारा ट्रॅक्टर, ज्याच्या मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. खुलताबादचा आणि राजूरचा रस्ता तर फुलंब्रीतच फुटतो.

अशी धडक बसली की रेकॉर्डिंगमध्ये सापडतो मोकळा रस्ता, एक हिसका आणि ओरडा. कोण आडवं आलं ते नाहीच. मग निवाडा जमलेली गर्दी करते आणि तो ठरलेला असतो: मोठ्या गाडीवाल्याची चूक. कधी चूक खरंच त्याची असते आणि दुचाकीवाल्याच्या हाती पुरावा नसतो. मला त्या दुचाकीवाल्याची जास्त काळजी वाटते. उडवून पळालेल्या गाडीचा नंबर सापडलाच नाही, तर 2022 च्या योजनेप्रमाणे मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये एवढ्यावर घरच्यांची बोळवण होते. नंबर सापडला तर रीतसर दावा लावून विमा कंपनीकडून पूर्ण भरपाई मागता येते. तो नंबर बाजूने जाणाऱ्या एखाद्या गाडीच्या कॅमेऱ्यात असू शकतो. तुमच्याही.

म्हणून दोन्ही बाजूंना कॅमेरे लावा, पण नीट लावून घ्या. शोरूमवाला दाखवतो तो 360 अंशांचा कॅमेरा बऱ्याच गाड्यांत फक्त दाखवतो, साठवत नाही. घेताना स्पष्ट विचारा. बाजूचा कॅमेरा आतून, काचेला अगदी टेकवून बसवा, नाहीतर रात्री काचेत केबिनचंच प्रतिबिंब उमटतं. वायर खांबातून नेताना एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे. घाईत काम उरकणारा ती एअरबॅगवरून ओढतो आणि वर प्लास्टिक दाबून मोकळा होतो. समोर उभं राहून बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडी भट्टी होते, तेव्हा लिथियम बॅटरीचा कॅमेरा नको, कपॅसिटरवाला घ्या.

व्हिडिओ कोर्टात टिकवण्याचं शहाणपण आपल्या शेजारच्या जालन्याने शिकवलं आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी 3 च्या आत आला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओवर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. 14 जुलै 2020 ला निकाल आला: मालकाने मूळ उपकरणच कोर्टात आणून साक्ष दिली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागत नाही, नक्कल दिली तर लागतंच. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्येही प्रमाणपत्राची अट कायम आहे. तिथलं भांडण घड्याळाचं होतं, तेव्हा आपल्या कॅमेऱ्यातली तारीख-वेळ आजच बरोबर करून घ्या.

अपघात झालाच तर आधी जखमीला दवाखान्यात पोचवा. मग कॅमेरा बंद करून कार्ड काढा, कारण ते भरलं की जुन्यावर नवं चढतं. व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. मूळ कार्ड आणि कॅमेरा जपून ठेवा, आणि पंचनाम्यात त्यांची नोंद झाल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.