चॉकी कुठली?

आमच्या घराण्यात आजवर पोसलेल्या जिवांची यादी लांबलचक आहे. खिलार बैल, जर्सी गाई, उस्मानाबादी शेळ्या, गावरान कोंबड्या, एक लंगडा पोपट आणि आता थोरल्या भावाच्या इंदापूरकडच्या शेडमध्ये रात्रंदिवस पाला खाणाऱ्या हजारो रेशीमअळ्या. कोळ्याचं नाव या यादीत नव्हतं, कारण तो सगळ्यांच्याच घरी फुकट राहतो. त्यामुळे बारामतीला माझ्याकडे राहून कॉलेज करणारा पुतण्या जेव्हा म्हणाला, "काका, मला टारंटुला घ्यायचाय," तेव्हा मला ते मोटारसायकलचं मॉडेल वाटलं. मी सवयीने ॲव्हरेज विचारलं.

त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक निळाशार, केसाळ, पायांवर पिवळे ठिपके मिरवणारा प्राणी. नाव पोसिलोथेरिया मेटॅलिका. नावावरून परदेशी वाटला, पण निघाला आंध्रातला. आपल्या भिगवण स्टेशनावरून मद्रासकडे धावणाऱ्या गाड्या पुढे ज्या गुत्तीवरून जातात, तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत हा सापडला आणि 1899 साली पोकॉक नावाच्या इंग्रज अभ्यासकाने त्याची नोंद केली. मग शंभरेक वर्षं तो कुणाच्या दृष्टीस पडला नाही. 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा दिसला, आणि थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांच्या कपाटांत जाऊन बसला. त्याचा पासपोर्ट कुणी काढून दिला, हे त्या लोकांत विचारायची पद्धत नसावी.

"चावतो का?"

"मरत नाही माणूस," पुतण्या म्हणाला. ज्या उत्तराची सुरुवात अशी होते, त्याचा उरलेला भाग मी नेहमी आग्रहाने काढून घेतो. उरलेला भाग असा, की अमेरिकेकडचे टारंटुला पोटावरचे खाजरे केस उडवतात, आपल्याकडच्यांना ती सोय नाही, म्हणून ते सरळ चावतात आणि मग स्नायूंत गोळे येतात. काही वेळा कित्येक दिवस येत राहतात.

मी जबाबदारी झटकली. "आईला विचार," म्हणालो. माझा अंदाज होता की वहिनी त्याला पायताणाने हाणतील. पण मी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. आमच्या वहिनी पदवीने नसल्या तरी धंद्याने कीटकशास्त्रज्ञ आहेत.

रविवारी आम्ही निमगाव केतकीच्या पुढे भावाच्या मळ्यात पोचलो, तेव्हा शेडमध्ये अळ्या मोल्टवर बसल्या होत्या. म्हणजे कात टाकायला. दारातल्या जंतुनाशक पाण्यात पाय बुडवल्याशिवाय वहिनी जावयालाही आत घेत नाहीत. रॅकवर हजारो अळ्या डोकी वर करून अशा स्तब्ध, की एरवी चालणारी पाला कुरतडण्याची सरसर पार थांबलेली. वहिनी फडक्यातून चुन्याची पूड अलगद धुरळत होत्या. आम्हाला त्यांनी बोटानेच गप्प केलं. बाहेर आल्यावर पोराचं म्हणणं चहा ओतता ओतता ऐकून घेतलं आणि विचारलं, "पिल्लू घ्यायचं का मोठं?"

"पिल्लू. स्लिंग म्हणतात. इवलंसं असतं."

"चॉकी कुठली?"

रेशीमवाल्यांचा हा पहिला प्रश्न. अंडी फुटल्यापासून दोन काती होईपर्यंत अळ्या चॉकी केंद्रात वाढवतात आणि मग शेतकऱ्याला देतात. चॉकी चांगली तर बॅच चांगली, नाहीतर पुढे तुम्ही सोन्याचा पाला घाला, कोष पातळच पडतो. पुतण्याला चॉकी सांगता येईना. इन्स्टाग्रामवर एकाचं पान होतं, तेवढंच. पानावर कोळ्याचे फोटो सतराशे साठ, पत्ता एकही नाही.

मग त्याने संगोपन समजावलं, आणि वहिनी प्रत्येक वाक्याला "मंग, तसंच की" म्हणत गेल्या. एका डबीत एकच पिल्लू, कारण दोन ठेवली की एकच उरतं. तळाशी ओलसर कोकोपीट, पण चिखल नाही. हवेला बारीक भोकं. पाण्याचा थेंब. खायला पिकल्या केळ्यावरची चिलटं, नाहीतर मेलेल्या रातकिड्याची तंगडी. खाणं बंद केलं तर घाबरायचं नाही, कात जवळ आली समजायचं. कात टाकताना ते उताणं पडतं, मेल्यासारखं दिसतं, आणि हौशी लोक तेव्हाच रडून त्याला कुंडीत पुरतात. "तेव्हा डबीत जिता किडा राहिला तर तोच ह्याला खातो, कातडं मऊ असतं म्हणून," पुतण्या म्हणाला. वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू पोराने दहावीनंतर पहिल्यांदाच काही बरोबर सांगितलं.

"आन् फवारणी?" त्यांनी विचारलं. इंदापुरात हा प्रश्न सोपा नाही. शेजारच्या डाळिंबावर औषध मारलं आणि वारं इकडचं असलं की तुतीचा पाला गेला, अळ्या गेल्या, आणि दोन घरांचं बोलणंही गेलं. बारामतीला माझ्या घरी डासांची वडी लावतात हे कळल्यावर त्यांनी ती जागा तिथल्या तिथे नापास केली.

"नर का मादी?"

"लहानपणी कळत नाही. मोठं झाल्यावर कातीवरून बघतात. नर वयात आला की फार जगत नाही. मादी काही जातींत वीस वर्षंसुद्धा."

"म्हंजे तुझी बायको नांदायला येईल तवा ही घरात आधीच थोरली."

मीही माझा हातभार लावला. 2021 च्या जुलैत चेन्नईच्या कस्टमवाल्यांनी पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. थर्माकोलच्या खोक्यात, चंदेरी कागद आणि कापसात गुंडाळलेल्या कुप्यांत 107 जिवंत कोळी. आयातीचा परवाना नाही, आरोग्याचा दाखला नाही, म्हणून सगळी वरात पोलंडला परत पाठवायचं ठरलं. आमच्या निळ्या साहेबांचं अख्खं कुळ, आपल्या सह्याद्रीतल्या भाऊबंदांसकट, 2019 पासून सायटीसच्या यादीत आहे. ही आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणारी यादी. आपल्या वन्यजीव कायद्यातही 2022 च्या दुरुस्तीने या यादीतल्या जिवांना जागा दिली, आणि 2024 च्या नियमांनी असे जीव पाळणाऱ्याला 'परिवेश' पोर्टलवर नोंद सक्तीची केली. रानातून उचलून आणायचं तर नावच नको.

"म्हंजे सातबारा लागतो," वहिनी म्हणाल्या. "लाव फोन त्याला. स्पीकरवर."

पलीकडचा आवाज कोवळा होता. सुरुवातीला "मॅडम", मग "ताई", शेवटी "मावशी" अशी त्याची पायरी घसरत गेली. आई-बाप कुठले? सांगता येणार नाही. अंडी तू फोडलीस का कुणाकडनं आणलीस? लाइनमधून येतात. किती काती झाल्या? तीन... चार असतील. शेवटची कधी टाकली, खाणं काय देतोस, चिलटावर झडप घालताना दाखव. नेटवर्क नाही मावशी. पावती? इथे त्याला एकदम हुरूप आला. "कागदपत्रांचं टेन्शनच घेऊ नका!"

"आरं, शंभर अंडीपुंजाची चॉकी घेतली तरी मला पावती, तारीख, जात सगळं लिहून मिळतं. बारामतीच्या बाजार समितीत कोष घालते तर वजन, भाव, पैसं खात्यात. आन् तू दीड तंगडीचा जीव इकतोस हजारात, तर कागद नको?"

"आठ तंगड्या, मावशी," तो क्षीणपणे म्हणाला.

मला वाटलं आता ठेवतो. पुतण्याचा चेहरा उतरला होता. पण तो पोरगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मावशी, कोषाला भाव काय मिळतो हो सध्या?"

वहिनींनी कप खाली ठेवला, फोन हातात घेतला आणि स्पीकर बंद केला. "तुती किती एकर हाय तुझी?" म्हणत त्या बांधाकडे चालू लागल्या, ते आम्हाला जेवायला बराच उशीर झाला.