नाक, तेही डबल टेपचं

परवाच्या रविवारी आमच्या भाचेरावांनी गाडीला नाक बसवलं. स्थळ बिरगाव, आमच्या दारासमोर, जुन्या गोधडीवर गुडघे टेकून. खर्च ४५० रुपये, वर डबल टेपचे ६०. मुहूर्त व्हिडिओत सांगितला होता तोच, म्हणजे बोनेटला ऊन लागण्याआधी. ओल्या फडक्याने बोनेट पुसून झालं, मग कोरड्या फडक्याने, मग माझ्या धुतलेल्या बनियनने.

नाक म्हणजे बोनेटच्या मधोमध पुढे तोंड करून बसवलेली ती फुगीर नाकपुडी. तुमच्याही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक असेलच. भाचेराव तिला स्कूप म्हणतात. ज्या गाडीला ती मुळातून असते, तिथे तिला काम असतं. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती गार करायला काही गाड्यांत इंजिनाच्या डोक्यावरच इंटरकूलर ठेवलेला असतो, आणि त्याला वारा लागावा म्हणून बोनेटला भोक पाडतात. आमची गाडी ७९६ सीसीची. टर्बो नाही. इंटरकूलर नाही. घोडे पन्नासही नाहीत. तिला लागते ती हवा ती ग्रिलमागच्या नळीतून गुपचूप घेते आणि एअर फिल्टरमधून गाळून इंजिनाला देते. मी नाकपुडीत बोट घालून पाहिलं. दोन इंच आत गेलं आणि बोनेटच्या पत्र्याला टेकलं.

"भाचेराव, यातून हवा जात नाही."

"जायची नाहीच आहे, मामाजी. लुकसाठी आहे."

इथे महाराष्ट्रातल्या मामाने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. पण आम्ही छत्तीसगडचे. कौसल्या इथली लेक, म्हणून राम इथला भाचा, आणि म्हणून इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. चंदखुरीला कौसल्येचं देऊळ आहे, शंका असल्यास जाऊन यावं. आमचे पूर्वज मराठी, घर मूळचं तात्यापाऱ्यातलं, पण ही रीत घरात कधी शिरली ते कुणालाच आठवत नाही. आता ज्याच्या पाया पडायचं त्याच्या कानाखाली वाजवता येत नाही. मी म्हटलं, "छान दिसतंय."

नाकाआधी बरंच काही होऊन गेलंय. टायरवरच्या अक्षरांना पांढरा रंग, स्टिअरिंगला लाल कव्हर, डिकीवर पंख. ताशी तीसच्या वर आमची गाडी जाते ती फक्त भनपुरीच्या उतारावर, तेव्हा ती उडून जाऊ नये म्हणून पंख. ते सगळं मी पोटात घातलं. नाक मात्र जात नाही. रात्री झोपेतही मला ती बंद नाकपुडी दिसते.

कारण असं की मी हिशेब केला. चार फटक्यांचं ७९६ सीसीचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर कागदावर ते मिनिटाला जवळजवळ १,२०० लिटर हवा ओढतं. मी बसल्या जागी मिनिटाला सहा-सात लिटर. म्हणजे गाडी एका मिनिटात बिरगावची जेवढी हवा आत घेते, तेवढी घ्यायला मला तीन तास लागतात. गाडीला त्यासाठी घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर दिलाय, तो काळा झाला की मेकॅनिक बदलून देतो. मला नाकात केस दिलेत. ते पांढरे झालेत, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा काळे होतात. ज्यांना केसांचा रंग परवडत नाही त्यांनी उरल्याला, आमच्या बिरगावला लागून असलेल्या कारखान्यांच्या वसाहतीत, यावं.

उरला म्हटलं की नागपूरकडचे पाहुणे हटकून विचारतात, "काय उरला?" मी त्यांना चपला काढून पाच मिनिटं गच्चीवर फिरवून आणतो आणि तळवे बघायला सांगतो. आमच्या सौभाग्यवतींनी उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालणं सोडून दिलं. शेवटच्या वर्षी घातल्या होत्या त्या तिसऱ्या दिवशी अशा दिसत होत्या की शेजारच्या काकूंनी विचारलं, "नाचणीच्या का?"

आता या गावात गाडी सजवायची म्हणजे काय, याचा विचार भाचेरावांनी केलेला नाही. शहरातली पोरं गाडीला मॅट ब्लॅक रॅप लावायला हजारो रुपये मोजतात. उरल्यात पांढरी गाडी चार रात्री उघड्यावर ठेवली की मॅट ब्लॅक फुकट होते, आणि रॅपसारखी कोपऱ्यातून सुटतही नाही. आरसीत आमच्या गाडीचा रंग पांढरा लिहिलाय. रंग बदलला तर आरसीत तशी नोंद करून घ्यावी लागते. म्हणजे सोमवारी धुतल्यावर एकदा आणि शुक्रवारी एकदा असं मी दर आठवड्याला त्या खिडकीत जायला हवं. काचांचंही तेच. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम, आणि २०१२ पासून काळ्या फिल्मवर बंदी. आमच्या काचांवर फिल्म नाही, तरी आत कोण बसलंय ते बाहेरून दिसत नाही आणि बाहेर काय चाललंय ते आतून दिसत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीपासून मालकाने नियमाबाहेरचा फेरफार केला तर दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. डबल टेपचं नाक या कलमात बसतं की नाही यावर वकिलांनी भांडावं. मला एवढंच विचारायचंय, की रंग बदलणारा, काचा काळ्या करणारा, नंबरप्लेटवरचं सीजी ०४ पुसून टाकणारा जो कुणी आहे त्याला हे कलम लागतं का? दर फेरफारामागे पाच हजार. दर गाडीमागे. दर कुरडईमागे. मी मोजायला बसायला तयार आहे, गच्चीवर, पाट घेऊन.

आणि पोराला तरी का बोलावं? रोज कामावर जाताना तो ज्या धुराड्यांखालून जातो, त्यांच्याकडूनच तो शिकला. स्पंज आयर्नची फिरती भट्टी हजार अंशांच्या आसपास चालते, आत खनिज आणि कोळसा, बाहेर निघताना वायूबरोबर भुकटी. ती अडवायला ईएसपी नावाचं यंत्र बसवतात. यंत्र साधं, पण फार सुंदर. उंच पत्र्यांच्या रांगा, मध्ये तारा, तारांत हजारो व्होल्टचा दाब. धुळीच्या कणाला विजेचा भार मिळतो, तो पत्र्याला जाऊन चिकटतो, थोड्या वेळाने हातोडी पत्र्याला ठोका देते आणि धूळ खालच्या हॉपरमध्ये पडते. आईने पोराला धपाटा घालून अंगावरची माती झटकावी तसं. फक्त त्याला वीज लागते, आणि विजेचं बिल येतं. रात्री आकाश काळं, धूरही काळा, कोण बघतंय? तेव्हा बटण खाली करतात, अशी आमच्याकडे उघड बोलवा आहे. कुणाचा मीटर मी पाहिलेला नाही. मी फक्त सकाळी उठून गच्ची पाहतो. तपासणीला लोक येतात ते दिवसा, पाहतात ते यंत्र बसवलंय की नाही. बसवलंय. पत्रे आहेत, तारा आहेत, हॉपर आहे, गेटवर लाल आकड्यांचा बोर्ड आहे. आणि रात्री त्यातून काय अडतं? अहो, अडवायचं नाहीच आहे काही, लुकसाठी आहे! पोराचं नाक साडेचारशेचं, यांचं कोट्यवधींचं, एवढाच फरक. पोराच्या खोट्या नाकाने कुणाचा खोकला वाढत नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं असं आपण लहानपणी शिकलो. इथे नाक दाबलं जातं ते आमचंच, मग तोंड उघडतं तेही आमचंच, आणि मग ती भुकटी तोंडातून जाते. तेवीस वर्षांचा पोरगा आहे तो. चिकटवलेलं प्लॅस्टिक म्हणजे मूळ बनावटीत फेरफार, आणि त्याच्या फुप्फुसात जे बसलंय ते काय आहे? ते कुठल्या आरसीत नोंदवायचं? कुठल्या खिडकीत?

असो. डॉक्टरांनी मला चिडायचं नाही म्हणून सांगितलंय, कारण चिडलं की श्वास जोरात घेतला जातो.

तर नाक बसवून आठवडा झाला. काल मी गाडी पुसत होतो. पुसतो मीच, लुक त्याचा असला तरी. नाकपुडीपाशी फडकं अडलं. पाहतो तो ती आतून भरलेली. पुढून उघडी, मागून बंद, त्यामुळे जे आत आलं ते आतच राहिलं. चहाचा चमचा आणला आणि जुन्या पेपरावर काढलं. सपाट तीन चमचे. काळं, बारीक, उन्हात थोडं चमकणारं. आमच्या पंचक्रोशीत भुकटी अडवायला जेवढी म्हणून यंत्रं बसवलीत, त्यात दिवसाही आणि रात्रीही चालू असलेलं मी स्वतः पाहिलेलं एकच, आणि त्याला वीज लागत नाही. मी ते आदराने पुसलं. एक कडा सुटत आली होती, तिला नवीन टेप लावली.

तेवढ्यात भाचेराव रात्रपाळी करून आले. डोळे लाल, बाकी सगळं मॅट ब्लॅक. येऊन ओट्यावर बसले, खोकले, आणि मोबाइलवर एक चित्र दाखवलं.

"मामाजी, पुढच्या महिन्यात मागे दुसरा सायलेन्सर लावतो. पाचशे रुपयांत येतो."

"पहिल्याचं काय झालं?"

"एक खराच राहील. दुसरा नुसता दिसायला. त्याच्यातून धूर नाही येणार."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"रात्रीसुद्धा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन पाकीट आणलं, पाचशेची नोट त्याच्या हातावर ठेवली आणि वाकून त्याच्या पाया पडलो.