चार गाड्यांचे कारभारी

कोथरूडच्या बाजूस ज्या सोसायट्यांत माणशी एक मोटार आणि मोटारीमागे अर्धी जागा असा हिशेब पडू लागला आहे, त्यांतील बहुतेकींत एक तरी अण्णा आढळतात. पाटबंधारे खात्यातून अथवा जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेतून मानाने निवृत्त झालेले, जवळ दोन चष्मे बाळगणारे आणि त्यांपैकी एक केवळ करारनाम्यांच्या बारीक टाइपासाठी राखून ठेवणारे हे गृहस्थ दिसावयास निरुपद्रवी असतात. घरात गाड्या चार. पहिली त्यांची स्वतःची प्रीमियर पद्मिनी, नोंदणीची पंधरा वर्षे केव्हाच उलटल्यामुळे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा दाखला घेऊन जगणारी. दुसरी वडील चिरंजीवांची, डिझेलवरची आणि अंगाने थोराड. तिसरी सूनबाईंची, हिरव्या पाटीची, विजेवर चालणारी आणि म्हणून अण्णांच्या मते मोटार या संज्ञेस अद्याप पूर्णांशाने पात्र न ठरलेली. चौथी धाकट्या चिरंजीवांची, सीएनजीवरची, जिच्या डिकीत टाकी विराजमान असल्यामुळे स्टेपनी काढावयाची तर आधी सारे सामान रस्त्यावर मांडावे लागते. यांपैकी एखादी वाटेत बंद पडली तर तिचा वाली कोण, हा प्रश्न दरसाल विम्याची मुदत भरत आली की अण्णांच्या मनात उद्भवतो, आणि त्याचा निकाल लागेतो घरातील इतर सर्व विषय तहकूब राहतात.

विमा उतरला म्हणजे काळजी मिटली अशी सामान्य इसमाची समजूत असते. अण्णांनी मात्र पॉलिसीची कलमे वाचलेली असतात, आणि वाचून त्यांवर लाल पेन्सिलीने मखलाशीही केलेली असते. अपघातात जायबंदी झालेली गाडी ओढून नेण्याचा वाजवी खर्च प्रमाणित पॉलिसीबरहुकूम दीड हजार रुपयांपर्यंत मिळतो. परंतु यांत्रिक अथवा विद्युत बिघाड त्याच दस्तऐवजात स्वच्छ शब्दांत वगळलेला असल्यामुळे, वरंधा घाटात गिअरबॉक्सने आपखुशीने प्राण सोडला तर विमा कंपनीस त्याचे सोयरसुतक नाही. "म्हणजे कठड्यावर आदळली तर नेणार, नुसती बंद पडली तर नाही नेणार," असे म्हणून अण्णा चिरंजीवांकडे ज्या अर्थपूर्ण दृष्टीने पाहतात, तीत बंद गाडी कठड्यापर्यंत ढकलण्यास कितीसा वेळ लागेल याचा अंदाज दडलेला आहे की काय, अशी शंका मला अनेकदा आली आहे.

तात्पर्य, रस्त्यावरील मदतीचे कवच वेगळे घेणे प्राप्त होते, आणि येथून अण्णांचे खरे कर्तृत्व सुरू होते. आखीव ताव काढून ते आडव्या रकान्यांत कंपन्या आणि उभ्यांत अटी मांडतात. गाडी किती किलोमीटरपर्यंत फुकट नेणार आणि पुढे दर काय. फ्लॅटबेडवर चढवणार की हुक लावून फरफटवणार. किल्ली आत राहिली तर दार उघडून देणार काय. वर्षातून किती वेळा येणार. आणि गाडी आपल्याच पार्किंगमध्ये बंद पडली तर ती 'रस्त्यात' बंद पडली असे धरणार काय. इंधनाच्या रकान्यापाशी एकदा तिढा पडला. कंपनीच्या टेलिफोनवरील मुलीने इंधन संपल्यास पाच लिटरपर्यंत आणून देण्यात येईल, किंमत मात्र निराळी पडेल, असे मधुर स्वरात सांगताच अण्णांनी विचारले, "आणि वीज संपल्यास किती लिटर?" त्यावर पलीकडे जी शांतता पसरली तिचे पर्यवसान सतारीच्या सुरावटीत झाले, ती अण्णांनी अर्धा तास, एक शब्द न बोलता, ऐकली. अखेर गाडी जवळच्या चार्जिंग स्टेशनपर्यंत वाहून नेण्यात येईल असे उत्तर मिळाले, तेव्हा त्यांनी त्या मुलीचे नाव आणि वेळ तावाच्या समासात टिपून घेतली.

पद्मिनीचा रकाना मात्र सर्व कंपन्यांपुढे कोराच राहतो. वयाची अट घालणाऱ्या या मंडळींना तिचे साल ऐकताच फोन ठेवण्याची घाई होते. वस्तुतः चौघींत नेमाने बंद पडणारी तीच. तिचे कवच म्हणजे सोसायटीचा रखवालदार, दूधवाला आणि वेळेवर जवळून जाणारा कोणीही धडधाकट मनुष्य; या योजनेस वार्षिक हप्ता नाही, अंतराची अट आहे तीही उतार लागेपर्यंतची.

२०२२ च्या जुलैत विमा नियामक प्राधिकरणाने एकाच मालकाच्या अनेक खाजगी गाड्यांना मिळून एकच फ्लोटर पॉलिसी देण्यास कंपन्यांना मुभा दिली, तेव्हा अण्णांनी जेवणाच्या पानावर प्रस्ताव मांडला, की चारही गाड्या त्यांच्या नावे कराव्यात. ही सवलत नुकसानीच्या विम्यापुरती आहे, बंद पडण्याशी तिचा संबंध नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण चारही नोंदणी पुस्तके एकाच नावाची असण्यात जी शोभा आहे, ती त्यांना खुणावत होती. वडील चिरंजीवांनी आमटी पुन्हा वाढून घेतली. सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. माझा पन्नास टक्क्यांवर आलाय. गाडी तुमच्या नावे केली तर तो गाडीबरोबर तुमच्याकडे येणार नाही." मुद्दा कलमाबरहुकूम असल्यामुळे अण्णांना तो मान्य करावा लागला, आणि आपल्या घरात दुसरेही कोणी बारीक टाइप वाचते याचा त्यांना झालेला आनंद व विषाद यांचे प्रमाण ठरवणे कठीण होते.

या गृहस्थांना हसणे सोपे आहे, आणि मी ते यथेच्छ करतो. परंतु ज्या काळी सारे घर एकाच पद्मिनीत कोंबून गणपतीपुळ्यास जात असे, त्या काळी इंजिन तापले तर सर्वांचेच तापत असे, आणि बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या अण्णांच्या भोवती सर्व कुटुंब गोळा होत असे. आता एक हिंजवडीस, एक खराडीस, एक देव जाणे कोठे. सर्वांची नावे एका मथळ्याखाली येण्याचे ठिकाण तो आखीव तावच उरला आहे.

मध्यंतरी विलायतेस असलेल्या पुतण्याकडून त्यांना कळले, की तिकडे गाडीऐवजी माणसाचेच कवच मिळते. सभासद ज्या गाडीत बसेल, मग तो चालक असो वा उतारू, त्या गाडीस मदत मिळते. अण्णांचे डोळे चमकले. एकच सभासदत्व, एकच हप्ता, आणि चारही गाड्या सुरक्षित. अट एवढीच, की प्रत्येक गाडीत अण्णांनी बसावे. सूनबाईंनी ही योजना आपल्याकडे उपलब्ध नाही याची त्याच रात्री तीन ठिकाणी खात्री करून घेतली. परंतु पुतण्याने आणखी एक हकीकत पाठवली होती, ती अण्णांच्या मनात घर करून राहिली. १९०५ साली तेथे स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल असोसिएशनचे गस्तवाले सभासदाच्या गाडीवरील बिल्ला पाहून त्यास सलाम ठोकीत. पुढे पोलिसांचा सापळा असल्याचा इशारा देणे १९१० च्या एका खटल्यात गुन्हा ठरले. पण सलाम न करण्यास कोणता कायदा आड येणार? तेव्हा गस्तवाल्याने सलाम केला नाही, की सभासदाने समजावे, पुढे पोलीस आहेत. करारातील अपवाद असा ग्राहकाच्या बाजूने वापरलेला अण्णांनी प्रथमच पाहिला, आणि मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून चालू असता तिने हा प्रघात का उचलला नाही, अशी पृच्छा ते भेटेल त्याला करू लागले.

अखेर एका रविवारी डिझेलवरच्या थोराड गाडीची बॅटरी पार्किंगमध्येच उतरली. अण्णांनी इस्त्रीचा सदरा चढवून मदतकेंद्रास फोन लावला. मोटारसायकलवरून एक पोरगा आला, पाठीवरच्या पिशवीतून बूस्टर काढून त्याने दोन चिमटे जोडले आणि गाडी सुरू करून दिली. ही भेट वर्षाच्या चार भेटींत धरू नये, कारण जागा रस्ता नसून पार्किंग आहे, असा अण्णांनी युक्तिवाद मांडला. पार्किंग हा रस्ता नसेल तर मी आलोच नसतो, असे त्या पोराने नम्रपणे सांगितले. अण्णा निरुत्तर झाले. पोराने ओटीपी घेतला, हेल्मेट चढवले आणि मान वर न करता तो फाटकाबाहेर निघून गेला.

अण्णा काही वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. मग गाडी बाहेर काढणाऱ्या चिरंजीवांच्या खिडकीशी वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "अरे, जपून जा. त्याने सलाम केला नाही. करिश्माच्या चौकात पोलीस असणार."